एअरबॅगचे कंट्रोल युनिट : दोष कोठे शोधावा आणि दुरुस्ती कोठवर करावी

प्रश्नकर्त्याच्या गाडीतील एअरबॅगचा दिवा इग्निशन दिल्यानंतर विझत नाही. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला असता ‘कंट्रोल युनिटमध्ये अंतर्गत दोष’ असा कोड आला आणि नवे युनिट बसवावे लागेल असे सांगण्यात आले. दुसऱ्या कारागिराने मात्र आहे तेच युनिट उघडून त्याची मेमरी साफ करून देण्याची तयारी दाखवली. गाडीला कधीही अपघात झालेला नाही. पण काही महिन्यांपूर्वी पुढच्या सीटखालचे कार्पेट ओले झाले होते, असे त्यांनी जाता जाता लिहिले आहे. युनिट खरोखरच बिघडले आहे काय, ते दुरुस्त होऊ शकते काय आणि दुरुस्त केलेल्या युनिटवर भरवसा ठेवावा काय, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत. अशा युनिटचे निदान आणि बोर्डावरील दुरुस्ती हे माझे रोजचे काम असल्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो. जाता जाता लिहिलेली ती कार्पेटची गोष्ट माझ्या दृष्टीने या साऱ्या हकिकतीतील सर्वांत महत्त्वाची आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

हे युनिट बहुतेक गाड्यांत दोन पुढच्या सीटच्या मधोमध, कन्सोलच्या खाली, गाडीच्या पत्र्याला बोल्टने घट्ट आवळलेले असते आणि त्याच्या अंगावरचा बाण गाडीच्या पुढच्या दिशेला असतो. ही जागा सोयीची म्हणून निवडलेली नसते. युनिटच्या आत त्वरण मोजणारा सेन्सर असतो. गाडीच्या सांगाड्याला बसलेला धक्का त्याच्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचला पाहिजे. धडक सुरू झाल्यापासून साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत बॅग उघडायची की नाही हे ठरते, त्यामुळे सैल बोल्ट किंवा मध्ये घातलेला वायसर हादेखील येथे दोषच समजावा. आत याशिवाय मायक्रोप्रोसेसर, प्रत्येक बॅगेला आणि प्रत्येक सीटबेल्ट प्रिटेन्शनरला (धडकेत पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेला) विद्युतप्रवाह सोडणारी चिप, बॅटरीचा व्होल्टेज वाढवून घेणारे सर्किट आणि तो साठवून ठेवणारे मोठे कपॅसिटर असतात. धडकेत बॅटरीची वायर तुटली तरी बॅग उघडता यावी, यासाठी हा साठा असतो.

इग्निशन दिले की हे युनिट आधी स्वतःची आणि मग आपल्या ताब्यातील सर्व सर्किटांची तपासणी करते. त्या काळात, म्हणजे बहुतेक गाड्यांत सुमारे ६ सेकंद, दिवा पेटलेला राहतो. बॅगेतील स्फोटक पेटवणाऱ्या तारेचा रोध साधारण २ ओहम असतो. युनिट अगदी क्षीण प्रवाह सोडून तो रोध मोजते आणि गाडी चालू असेतोवर मोजतच राहते. बॅग पेटण्यासाठी सुमारे १.२ अँपिअर प्रवाह २ मिलिसेकंद वाहावा लागतो. तपासणीचा प्रवाह त्याच्या कितीतरी खाली ठेवलेला असतो. तात्पर्य, या युनिटचा बराचसा वेळ दुसऱ्यांच्या तक्रारी नोंदवण्यात जातो. कनेक्टरमधील दोन-तीन ओहमांचा जादा रोध, सीटखाली ओढली गेलेली वायर, झिजलेला क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगमधील बॅगेपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) या साऱ्यांची नोंद युनिटच्या मेमरीत होते, आणि नोंद करणाराच गुन्हेगार ठरवला जातो. माझ्या टेबलावर ‘खराब’ म्हणून येणाऱ्या युनिटपैकी बरीच युनिट चांगली निघतात.

निदानाला हात घालण्यापूर्वी सुरक्षिततेविषयी सांगणे भाग आहे, कारण येथे चूक झाली तर ती तोंडावर होते. इग्निशन बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे आणि कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबावे. किती थांबावे हे कंपनीगणिक बदलते. कोठे १ मिनिट, कोठे ३, तर कोठे १० मिनिटेही सांगितलेली असतात. मॅन्युअल हाताशी नसेल तर मोठा आकडा धरावा. बॅगेच्या कनेक्टरवर साधा मल्टिमीटर ओहमवर लावून कधीही मोजू नये, कारण मीटर किती प्रवाह सोडेल याची हमी नसते. इग्निशन चालू असताना युनिटचे बोल्ट सैल करणे, ते उचलणे किंवा त्याच्या आसपास हातोडी चालवणे हे तर स्वतःहून धडकेचा देखावा करण्यासारखे आहे. ज्या गाडीत उलटण्याची नोंद घेणारा सेन्सर याच युनिटमध्ये असतो, तेथे चालू युनिट हातात घेऊन कलंडवले तरी पडदा-बॅगा (खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या बॅगा) उघडण्याचा धोका असतो.

तपासणीची सुरुवात मी नेहमी बॅटरीपासून करतो. बॅटरी अशक्त असेल, किंवा दुसऱ्या गाडीवरून जोडणी देऊन इंजिन सुरू केले असेल, तर युनिटमध्ये कमी व्होल्टेजचा कोड बसतो आणि काही गाड्यांत बॅटरी सुधारल्यावरही तो आपोआप पुसला जात नाही. त्यानंतर योग्य स्कॅनर. स्वस्तातील साधे उपकरण बहुधा इंजिनचे ‘पी’ कोड वाचते. एअरबॅगचे ‘बी’ कोड वाचण्यासाठी त्या कंपनीच्या एअरबॅग युनिटशी बोलू शकणारे उपकरण लागते. कोड सध्या हजर आहे की पूर्वीचा नोंदलेला आहे, हा भेद आधी पाहावा. युनिट स्कॅनरला उत्तरच देत नसेल आणि इतर युनिटमध्ये ‘यू०१५१’, म्हणजे एअरबॅग युनिटशी संपर्क तुटला, असा कोड असेल, तर फ्यूज, पुरवठा, अर्थ (गाडीच्या पत्र्याशी असलेली विद्युत जोडणी) आणि संपर्काच्या दोन वायरी तपासल्याशिवाय युनिटला मृत ठरवू नये.

कित्येक गाड्यांत स्कॅनरवर प्रत्येक सर्किटचा रोध जिवंत आकड्यात दिसतो. निदानाची याहून चांगली खिडकी मला ठाऊक नाही. एकदा माझ्याकडे एक गाडी आली. चालकाच्या बॅगेचा रोध जास्त असल्याचा कोड अधूनमधून येत होता आणि त्यापायी आधीच दोन युनिट बदलून झाली होती. मी स्कॅनरवर तो आकडा उघडा ठेवला आणि स्टिअरिंग सावकाश फिरवू लागलो. सरळ चाकांना २.३ ओहम, उजवीकडे पूर्ण वळवले तरी २.३. डावीकडे अर्धा फेरा झाला तसा आकडा २.६ झाला, मग ४ च्या वर गेला आणि पुढच्या क्षणी दिवा लागला. स्टिअरिंग उतरवून क्लॉक स्प्रिंग उघडला तेव्हा आतील चपट्या पट्टीला एका जागी घडी पडलेली होती. पूर्वी कोणीतरी स्टिअरिंगचे काम करताना चाके आणि स्टिअरिंग यांचा मेळ न साधता ते जोडले होते. त्यामुळे पट्टीचे फेरे एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त झाले होते, आणि प्रत्येक डाव्या वळणावर ती ओढली जात होती. तिसरे युनिट आणले असते तरी त्यानेही तेच सांगितले असते.

आकडे दिसत नसतील तेथे बदली रोधाची पद्धत वापरावी. संशयित बॅगेचा कनेक्टर काढून तिच्या जागी निदानासाठी मिळणारा सुमारे २ ओहमचा रोध लावायचा, बॅटरी जोडायची आणि कोड पुन्हा पाहायचा. कोड गेला तर दोष बॅगेच्या बाजूला; कायम राहिला तर एक कनेक्टर मागे, युनिटच्या दिशेने सरकायचे. असे करत करत युनिटच्या तोंडाशी रोध लावला आणि तरीही तोच कोड आला, तर युनिटवर बोट ठेवण्याचा अधिकार आपल्याला मिळतो.

या टप्प्यावर अनुभवी कारागीरही एका सापळ्यात अडकतात. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये एक बारीक स्प्रिंगची पट्टी असते. कनेक्टर निघताच ती दोन्ही पिना आपसांत जोडते, जेणेकरून स्थिर विजेने बॅग उघडू नये. अशीच पट्टी अनेकदा युनिटच्या मोठ्या कनेक्टरमध्येही वायरिंगच्या बाजूला असते. युनिट काढून कोणी वायरिंगच्या दोन टोकांत मीटर लावला की शून्य ओहम दिसतात, आणि ‘वायरिंग शॉर्ट आहे’ म्हणून अख्खा हार्नेस (वायरींचा जुडगा) उघडला जातो. प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून ती स्प्रिंग उचलून धरल्याशिवाय हे मोजमाप निरर्थक आहे. शिवाय हे माप घेताना दुसऱ्या टोकाची बॅग काढलेलीच असली पाहिजे.

आता ‘अंतर्गत दोष’ या कोडाकडे येतो. शब्द जितका निश्चित वाटतो तितका तो निश्चित नसतो. युनिटला मिळणारा पुरवठा कमी पडत असेल तर आतले कपॅसिटर हव्या त्या व्होल्टेजला भरत नाहीत आणि युनिट स्वतःलाच दोषी ठरवते. म्हणून पुरवठ्याच्या पिनेवर केवळ व्होल्टेज आहे एवढे पाहून भागत नाही. त्याच वायरवर छोटा बल्ब जोडून, भार असताना व्होल्टेज किती पडतो ते पाहावे; अर्थच्या वायरवरही तसेच करावे. बोल्टांच्या बुडाशी गंज किंवा नंतर मारलेला रंग असेल तर तोही खरवडून पाहावा, कारण काही युनिट तेथूनही अर्थ घेतात. हे सारे ठीक असून कोड पुसताक्षणी परत येत असेल किंवा पुसलाच जात नसेल, तर दोष आत आहे असे मानण्यास हरकत नाही. मात्र धडकेची नोंद बसून कुलूपबंद झालेले युनिटही काही कंपन्यांच्या गाड्यांत अशाच कोडाने व्यक्त होते, हे लक्षात ठेवावे.

पैसे खर्च करण्यापूर्वी गाडीचा चासी नंबर कंपनीच्या रिकॉल यादीत, म्हणजे दोषामुळे दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांच्या यादीत, तपासून घ्यावा. या युनिटच्या इतिहासात त्याला ठोस कारण आहे. झेडएफ-टीआरडब्ल्यू या कंपनीच्या युनिटमधील एका चिपबाबत अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने एप्रिल २०१९ मध्ये चौकशी वाढवली, तेव्हा तिच्या कक्षेत सहा उत्पादकांच्या सुमारे १ कोटी २३ लाख गाड्या आल्या. अपघाताच्या क्षणी पुढच्या सेन्सरच्या वायरींतून आत शिरणाऱ्या विजेच्या लाटेने ती चिप निकामी होऊन बॅगा उघडणार नाहीत, असा तो धोका होता. अशा दोषात धडकेच्या आधी दिवा लागेलच असे नाही आणि गॅरेजमधील तपासणीतही काही सापडत नाही. रिकॉलमध्ये बसणाऱ्या गाडीचे काम कंपनी विनामूल्य करून देते. त्या युनिटवर सोल्डरिंग आयर्न चालवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्नकर्त्याच्या गाडीत पाणी शिरलेले आहे, आणि युनिट कार्पेटखाली गाडीच्या तळाशी बसते. एसीच्या पाण्याची नळी तुंबली, दाराचे रबर फाटले किंवा हातातून एखादे गोड पेय सांडले, की ओल स्पंजसारख्या अस्तरातून थेट तेथवर पोहोचते. वरून कार्पेट कोरडे लागते. खालचे अस्तर महिनोन्‌महिने दमट राहते. युनिटचे झाकण उघडल्यावर मी प्रथम वास घेतो आणि मग तिरप्या प्रकाशात भिंगातून कनेक्टरच्या पिनांची मुळे पाहतो. निकोप सोल्डरला चंदेरी चमक असते. ओल लागलेल्या ठिकाणी ती चमक मंद होते, पिनेभोवती पांढुरकी कड येते, आणि तांबे उघडे पडले असेल तर निळसर-हिरवा थर चढतो. दोन पिनांच्या मध्ये असा थर पूल बांधतो आणि तेवढ्याने सर्किट पुरवठ्याला किंवा अर्थला चिकटल्याचा कोड येऊ शकतो. कोरड्या दिवशी तो जातो आणि दमट दिवशी परततो. ‘कधी येतो, कधी जातो’ या तक्रारीमागे मी हे अनेकदा पाहिले आहे.

दुरुस्तीची माझी मर्यादारेषा अशी आहे. गंज कनेक्टरपुरता असेल, पिनेच्या मुळाशी सोल्डरला बारीक वर्तुळाकार चीर गेली असेल, किंवा पुरवठ्याच्या मार्गावरील एखादा साधा भाग निश्चितपणे दोषी ठरला असेल, तर काम करण्यासारखे आहे. तेथला संरक्षक लेप काढायचा, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने थर पूर्ण घालवायचा, बोर्ड वाळवायचा, सोल्डर नव्याने करायचे, लगतच्या तांब्याच्या रेषा आणि बोर्डाच्या दोन बाजू जोडणारी छिद्रे एकेक करून मोजायची आणि लेप पुन्हा चढवायचा. पण ओल त्वरणाच्या सेन्सरखाली किंवा बॅगा पेटवणाऱ्या चिपखाली शिरली असेल, तर मी ते युनिट परत करतो. त्या चिपच्या पोटाखालचे सोल्डर डोळ्यांनी दिसत नाही, आणि धडकेच्या वेळी ती योग्य प्रवाह सोडेल याचा पुरावा माझ्याकडील कोणतेही उपकरण देऊ शकत नाही. सेन्सर बदलणे हे त्याहून वाईट, कारण त्याची जुळणी कारखान्यात झालेली असते. तीन तास काम करून शेवटी ‘होत नाही’ म्हणणे जिवावर येते, परंतु या वस्तूच्या बाबतीत ते म्हणता आले पाहिजे.

‘मेमरी साफ करून देतो’ या प्रस्तावाविषयी स्पष्ट लिहितो. युनिटच्या मेमरीत गाडीचा चासी नंबर, कोणकोणत्या बॅगा बसवल्या आहेत याचे कोडिंग, दोषांची नोंद आणि धडक झाली असल्यास तिची माहिती असते. काही कारागीर जुन्या मेमरीवर धडकविरहित फाइल चढवतात. त्याने कुलूप उघडते आणि दिवा विझतो. प्रश्नकर्त्याच्या गाडीला धडकच झालेली नसल्यामुळे साफ करण्यासारखे तेथे काही नाही. दोष गंजलेल्या पिनेत असेल तर फाइल बदलून तो जाणार नाही, आणि दुसऱ्या गाडीची फाइल चढली तर बॅगांची संख्याच चुकीची नोंदली जाईल. अपघातग्रस्त गाडीत हा मार्ग घ्यावा काय, यावर आमच्या धंद्यात दोन मते आहेत. बॅगा उघडल्यानंतर युनिट बदलावे असेच बहुतेक कंपन्यांचे मॅन्युअल सांगते, काही थोड्या कंपन्या ठरावीक वेळा पुन्हा वापरण्याची मुभा देतात, आणि जेथे मॅन्युअलने बदला म्हटले आहे तेथे मी बदलतो. शिवाय धडकेपूर्वीच्या ५ सेकंदांतील वेग आणि ब्रेक यांची नोंद अनेक युनिटमध्ये राहते. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या मोटारींत अशी नोंद ठेवणे बंधनकारक आहे. विमा किंवा न्यायालय यांच्यासमोर प्रकरण असताना ती पुसणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. कोणत्याही कारणाने मेमरीला हात लावायचाच असेल, तर मूळ फाइल आधी वाचून, दोनदा पडताळून जपून ठेवावी.

भंगारातील जुने युनिट हा तिसरा पर्याय पुढे केला जातो. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला तरी त्या युनिटने काय सोसले आहे हे कोणी सांगू शकत नाही. भंगारात गाडी येते ती बहुधा धडकून किंवा बुडून. अनेक युनिट पहिल्या गाडीच्या नंबराला बांधलेली असतात आणि नव्या गाडीत कोडिंग स्वीकारत नाहीत.

याहून वाईट प्रकार म्हणजे बॅगेच्या जागी कायमचा रोध बसवून युनिटला फसवणे, किंवा मीटर कन्सोलमधील दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडणे. ही लबाडी ओळखता येते. इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा मुळीच लागला नाही, अथवा इंजिन सुरू होताच ऑइलच्या दिव्याबरोबर तोही नेमका विझला, तर मीटर कन्सोल उघडून पाहावे. खरा दिवा इंजिनची वाट पाहत नाही. तो स्वतःचे सेकंद मोजून विझतो.

दुरुस्त वा नवे युनिट बसवताना बाण पुढे, पत्रा स्वच्छ आणि बोल्ट मॅन्युअलमधील टॉर्कप्रमाणे असावेत. सर्व कनेक्टरांचे लॉक बसल्यानंतरच बॅटरी जोडावी. पहिल्यांदा इग्निशन देताना गाडीत कोणी बसू नये. दाराबाहेर उभे राहून, स्टिअरिंगच्या समोर न येता हात लांब करून चावी फिरवावी. दिवा लागून आपल्या वेळेवर विझला की कोड वाचावेत, कोडिंग तपासावे आणि ज्या गाडीत स्थिरता नियंत्रणाचा सेन्सर याच युनिटमध्ये असतो तेथे त्याची जुळणी करून घ्यावी. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, दोन्ही सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून पुन्हा कोड पाहावेत, आणि खडबडीत रस्त्यावरून गाडी चालवून आणल्यावर तिसऱ्यांदा पाहावेत.

प्रश्नकर्त्याने यानुसार आधी बॅटरी आणि रिकॉल पाहावा, कन्सोल उतरवून युनिटखालचे अस्तर हाताने दाबून पाहावे, आणि कोणत्याही कारागिराकडे युनिट देताना उघडलेल्या बोर्डाचे कनेक्टरच्या बाजूचे फोटो मागावेत. गंज पिनांपुरता असेल तर दुरुस्ती करून वापरण्यास माझी हरकत नाही. चिपांपर्यंत पोहोचला असेल तर नवे युनिट घ्यावे. दोहोंपैकी काहीही झाले तरी युनिट परत बसवण्यापूर्वी पाणी कोठून येते ते शोधून बंद करावे, एसीची नळी मोकळी करावी आणि अस्तर काढून बाहेर पूर्ण वाळवावे. अन्यथा तेच पाणी नव्या युनिटच्या पिनांवरही चढेल.